दीड हजार कॅलरीचं ताट

मित्रहो, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन निवांत बसा. बिनसाखरेचा घेतला तर उत्तम, का ते पुढं येईलच.

परवा सकाळी मैदानावर फिरताना आपल्या ग्रुपमधल्या दोघांची जुंपली. एक दीक्षितवाला, एक दिवेकरवाली. एक म्हणतो, दोनदाच खा, मध्ये पाण्याशिवाय काही नाही. दुसरी म्हणते, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खा, तूप सोडू नका. शेवटी दोघं माझ्याकडं वळले. "तू आठ किलो कमी केलंस आणि तीन वर्षं टिकवलंस. तू नेमकं कुठलं केलंस ते सांग." मला एका वाक्यात सांगता आलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. इतिहास वाचायची खोड आहे, आणि पोटाचा घेर होता. एवढीच पात्रता.

सहा वर्षांपूर्वी माझी शुगर 'बॉर्डर'वर आली. वजन कमी करा म्हणून हातात एक छापील कागद मिळाला. वर ठळक अक्षरात लिहिलेलं : १५०० कॅलरी. घरी येऊन मोठ्यानं वाचून दाखवला. सकाळी अमुक, दुपारी दोन फुलके, एक वाटी वरण, काकडी, संध्याकाळी मूठभर चणे. आई उंबऱ्यापाशी शेंगा सोलत बसलेली. ती म्हणाली, "आरं, दुष्काळात बी ह्याच्यापरीस जास्त मिळत हुतं की!"

आम्ही सगळे हसलो. पण माझ्या डोक्यातून ते जाईना. बाहत्तरच्या दुष्काळात आई अठरा वर्षांची, नवी नवरी, पाझर तलावाच्या कामावर पाट्या वाहत होती. ती उगाच बोलणारी नाही. मग मी शोधत गेलो.

सुरुवात आपल्या सोलापूर जिल्ह्यातूनच करू. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळात दख्खनचे जे जिल्हे होरपळले त्यात सोलापूर होतंच. सरकारनं दुष्काळी कामं काढली. खर्च आटोक्यात ठेवायला कलकत्त्याच्या सरकारनं सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याला पाठवलं. जानेवारी १८७७ मध्ये त्यानं ठरवलं की धडधाकट पुरुषाला रोज एक पौंड धान्य येईल एवढी मजुरी आणि वर किरकोळ पैसे पुरे. आधी दीड पौंडाचा हिशेब होता. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. आजच्या हिशेबानं त्यात कॅलरी किती? जेमतेम सोळाशे.

त्या सोळाशे कॅलरीवर माणसांनी दिवसभर खडी फोडायची. आपल्या लोकांनी काय केलं? हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. दुष्काळात, पोट पाठीला लागलेलं असताना, संप! पुण्याच्या सार्वजनिक सभेनं, म्हणजे सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी आणि मंडळींनी, गावोगावची माहिती जमवून सरकारला पत्रांवर पत्रं लिहिली, की एवढ्यात माणूस जगत नाही. त्या वेळी अन्नाच्या बाबतीत कॅलरी हा शब्दही कुणी वापरत नव्हतं. पण एवढं पुरत नाही, हे पोटाला कळत होतं.

आता एकदम अमेरिकेत जाऊ. १९४४ साल, महायुद्ध चाललेलं. युरोपात लाखो माणसं उपाशी होती. युद्ध संपल्यावर त्यांना पुन्हा उभं कसं करायचं, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञानं एक प्रयोग केला. युद्धात बंदूक धरायला तत्त्व म्हणून नकार दिलेले ३६ निरोगी तरुण स्वतःहून पुढं आले. चोवीस आठवडे त्यांना रोज सरासरी १५७० कॅलरी दिल्या. बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी असलं साधं जेवण. आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालणं.

कीजनं याला नाव दिलं होतं 'अर्ध-उपासमार'. माझ्या कागदावरचा आकडा त्यापेक्षा सत्तरनं कमीच होता!

त्या पोरांचं वजन जवळपास पाव भागानं उतरलं. पण पुढचं जास्त महत्त्वाचं. ते चिडचिडे झाले, उदास झाले. कायम थंडी वाजायची. डोक्यात दिवसरात्र फक्त जेवण. काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसायचे. ताट चाटूनपुसून घ्यायचे. आणि प्रयोग संपल्यावर पोटभर मिळायला लागलं, तर काहींचं पोटच भरेना. भरपूर खाऊनही भूक आहेच. काही महिन्यांनी बऱ्याच जणांच्या अंगावर आधीपेक्षा जास्त चरबी चढली.

हे वाचलं तेव्हा मला माझंच चरित्र वाचल्यासारखं झालं. कारण तो कागद पाळायला जमेना म्हणून मी एका 'सेंटर'ला पैसे भरले होते. नाव सांगत नाही, गावोगाव आहेत तसली. डब्यातली पावडर, सूप, दिवसाला बाराशे कॅलरी. तीन महिन्यांत नऊ किलो उतरलं. लोक म्हणाले, वा! मी घरात सगळ्यांवर खेकसत होतो. रात्री यूट्यूबवर बिर्याणीचे व्हिडिओ बघत झोपायचो. नंतर एका लग्नात जेवलो, मग दुसऱ्या, आणि वर्षात अकरा किलो परत. सेंटरवाल्यांनी ऐकवलं, "सर, तुमची विल पॉवर कमी पडली." मीही तेच मानून बसलो. त्या ३६ जणांपैकी बहुतेकांनी निदान चोवीस आठवडे तो काटेकोर प्रयोग पार पाडला होता. त्यांची इच्छाशक्ती माझ्या दसपट असेल. तरी त्यांच्या शरीरानं हिशेब वसूल केलाच.

इथं एक खुलासा. मी खुर्चीत बसून काम करतो, खडी फोडत नाही. मला टेंपलच्या मजुराएवढं लागत नाही, हे खरं. वजन उतरवायचं तर खाणं कमी करावंच लागतं, त्याला पळवाट नाही. पण शरीराला तुमचा हेतू कळत नाही. अन्न आटलं एवढंच त्याला कळतं, आणि ते दुष्काळाच्या तयारीला लागतं. सतत भूक ठेवणारी कुठलीही योजना याच भिंतीवर आपटते.

आता कीज पुन्हा येतो. १९७२ साली त्यानं सहकाऱ्यांबरोबर एक शोधनिबंध लिहिला. वजन भागिले उंचीचा वर्ग, हे जुनं गणित त्यानं तपासलं आणि त्याला नाव दिलं 'बॉडी मास इंडेक्स'. आपला बीएमआय तो हाच. पाच देशांतले सात हजारांहून जास्त पुरुष त्यात मोजले होते. भारतातला एकही नाही, आणि बाई तर नाहीच.

त्याच साली इकडं आई तलावावर होती. मिलो नावाची लाल ज्वारी अमेरिकेहून आली होती. तिची भाकरी घशाखाली उतरत नसे, असं आई अजून सांगते. कामावर सुकडी मिळायची. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पुढं याच कामांतून रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. १८७७ पेक्षा ही गोष्ट नक्कीच बरी. माणसं जगली. पण शरीरं त्यातून गेली.

आमच्या घरात 'ताटात टाकायचं न्हाय' हा नियम तिथून आला. तुमच्याही घरात असेल. आईनं वाढलं की नको म्हणणं म्हणजे तिचा अपमान. नको म्हटलं की तिचा चेहरा उतरतो. ती मला खायला घालत नसते, त्या वर्षाशी भांडत असते. हे मला पन्नाशीत कळलं.

मी १९७५ चा. जन्मलो तेव्हा वजन किती होतं विचारलं तर आई मूठ दाखवते. आता इथं पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम सांगायलाच हवं. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं बारीक, पण गंमत बघा : स्नायू कमी, आणि चरबी त्या मानानं टिकून. शरीर लहान झालं तरी त्यानं चरबी सोडली नाही.

२००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांनी आपला आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के. याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काट्यावर दोघं सारखेच 'फिट'!

म्हणून भारतीय डॉक्टरांनी २००९ मध्ये आपल्यासाठी वेगळी रेघ आखली. बीएमआय २३ पासून जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटर, याच्या आत हवी. वजनकाटा नसेल तर शिंप्याची टेप पुरते. माझं वजन मित्रांच्या मानानं फार नव्हतंच. कंबर ९९ होती. खरी बातमी तिथं होती, आणि कागदावर कंबरेचा रकानाच नव्हता.

आता मूळ प्रश्न. डाएट कुठलं?

लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचा अंत्यविधीचं सामान पुरवणारा मोठा व्यापारी होता. राजघराण्याची कामं त्याच्याकडं. उंची साडेपाच फुटांच्या आत, वजन ९० किलोच्या वर. बूट बांधायला वाकता येईना. त्यानं सगळे उपाय केले. नदीत होडी वल्हवली, तर भूकच वाढली. शेवटी कानाच्या तक्रारीसाठी गेला, त्या डॉ. हार्वे यांनी पाव, साखर, बटाटा, बिअर, दूध बंद करायला सांगितलं. वर्षभरात वीस किलोच्या आसपास उतरलं. त्यानं १८६३ मध्ये स्वखर्चानं पुस्तिका छापून वाटली आणि ती इतकी गाजली, की इंग्रजीत डाएट करण्याला 'बँटिंग' म्हणायला लागले. स्वीडिश भाषेत आजही डाएट करणं म्हणजे 'बांता'.

डाएटच्या जगातला हा पहिला व्हायरल माणूस. पुढं १९१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. लुलू हंट पीटर्स या बाईंनी कॅलरी मोजायचं पुस्तक काढलं, तेही धडाक्यात खपलं. त्यांनीही आधी स्वतःचं वजन उतरवलं होतं. म्हणजे गोष्ट तीच : एका माणसाला त्याच्या घरात, त्याच्या ताटावर जे जमलं, ते सगळ्या जगाचं औषध म्हणून निघतं.

मग जगाला ते चालतं का? हे नीट तपासलंय. २००५ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी १६० जणांना चिठ्ठ्या टाकून चार प्रसिद्ध डाएट वाटून दिले. वर्षानंतर चारही गटांत उतरलेलं वजन थोडंथोडंच आणि जवळपास सारखं. फरक कशानं पडला? डाएटच्या नावानं नाही. कुणी किती पाळलं, त्यानं. बऱ्याच जणांनी तर मध्येच सोडून दिलं होतं.

२०१८ मध्ये स्टॅनफर्डचा आणखी मोठा अभ्यास आला. ६०९ माणसं. अर्ध्यांना कमी चरबीचा आहार, अर्ध्यांना कमी कर्बोदकांचा, म्हणजे भात-पोळी-साखर कमीचा. वर्षभरात पहिल्या गटाचं सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६ किलो. हा फरक धरण्यासारखा नाही. तुमचे जीन्स बघून तुम्हाला कुठलं डाएट लागू पडेल हे सांगता येतं का, तेही तपासलं. नाही आलं. (तसल्या टेस्टचे पैसे कुणी मागितले तर हे आठवा.) पण दोन्ही गटांत काहींचं पंचवीस किलोच्या पुढं उतरलं आणि काहींचं चक्क वाढलं. त्यांना कॅलरी मोजायला सांगितलंच नव्हतं. दोन्ही गटांना समान सूचना एवढीच : साखर आणि मैदा कमी, भाज्या जास्त, होता होईल तो घरी शिजवलेलं खा.

आता आपल्या मैदानावरच्या भांडणाकडं बघा. डॉ. श्रीकांत जिचकारांचं व्याख्यान आणि त्यावरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घराघरात नेलेली पद्धत : भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा, ५५ मिनिटांत जेवण, गोड बंद, रोज चालणं. ऋजुता दिवेकरांचं म्हणणं : थोड्या थोड्या वेळानं खा, आजीच्या स्वयंपाकघरातलं खा, पाकिटातलं सोडा. वेळापत्रक उलटंपालटं. पण दोन्हीकडं बिस्किट-फरसाण गेलं, गोडावर लगाम आला, हालचाल वाढली, आणि माणूस तोंडात काय टाकतोय ते बघायला लागला. ज्याला दोनदा खाऊन दिवसभर शांत वाटतं त्यानं ते करावं. ज्याचं दुपारी डोकं दुखतं, संध्याकाळी भूक खवळून ताटावर तुटून पडायची वेळ येते, त्यानं ते करू नये. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण चुकवू नका. शुगर खाली जाऊन माणूस चक्कर येऊन पडतो.

मी काय केलं? आधी पंधरा दिवस काहीच बदललं नाही. फक्त वहीत लिहिलं. निघालं असं : दिवसाला चहा सहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. एका चमच्यात साधारण चार ग्रॅम धरा. रोजची पन्नास ग्रॅमच्या आसपास साखर नुसती चहातून! आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. सभासदाला सवलतीची साखर, दिवाळीला पोतं. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी राज्यातला पहिला सहकारी कारखाना सुरू केला, त्यानं दुष्काळी भागात पैसा आणला, शाळा-कॉलेजं आली. त्याचे उपकार आहेतच. पण ज्या पिढीला गूळही मोजून मिळायचा, तिच्या पोरांच्या घरात साखर पोत्यानं आली. आम्ही ती उभ्या उभ्या, मीटिंगमध्ये, मयतीला जाऊन आल्यावरसुद्धा प्यायलो.

साखर महिन्याभरात शून्यावर आणली. पहिले आठ दिवस चहा काढ्यासारखा लागला, मग सवय झाली.

दुसरं, जेवण. वेगळं डाएट फूड बंद. त्याचं कारण बायको. सेंटरच्या काळात ती एकदा कंटाळून म्हणाली होती, "डाएट तुमचं, आन् दोनदा सैपाक माझा. माझं वजन तर भाकरी बडवूनच उतरंल." बरोबरच होतं तिचं. एकाचं डाएट चालावं म्हणून दुसऱ्याच्या कंबरेचा टाका ढिला होत असेल तर ते सहा महिन्यांच्या वर टिकत नाही. आता सगळ्यांना एकच स्वयंपाक. मालदांडीची भाकरी, पण तीनऐवजी दीड. ज्वारीचं कौतुक आपण फार करतो, तरी एका मोठ्या भाकरीत अडीचशेच्या घरात कॅलरी असतातच. वाटी मात्र मोठी केली. मटकी, हुलगा, डाळ, आणि पालेभाजी दुप्पट. शेंगाचटणी आहे, एक चमचा. पोट भरतं, भूक राहत नाही, म्हणून रात्री बिर्याणीचे व्हिडिओ लागत नाहीत. भाजी चिरायची आणि आठवड्यातून चार रात्री भाकरी करायची ती मी. पहिल्या भाकरीचा नकाशा झाला होता, आता गोल येते.

तिसरं, रात्रीचं जेवण साडेसातला आणि सकाळी चाळीस मिनिटं चालणं. दीड वर्षात आठ किलो. हळू, कुणी "वा!" म्हटलं नाही. पण कंबर ९९ ची ८९ झाली आणि तीन वर्षं तिथंच आहे.

चौथं सगळ्यांत अवघड होतं. आई. तिला बीएमआय काय सांगणार? एक दिवस जवळ बसून विचारलं, तलावावर काय काय खायचात? ती दोन तास बोलली. शेवटी मी म्हणालो, "आई, आता दुष्काळ संपला. मी न्हाय खाल्लं तरी मरत न्हाय." ती गप्प बसली. दुसऱ्या दिवसापासून तिनं वाढणं सोडलं. भांडी मध्ये ठेवते आणि म्हणते, "घे तुझं तू." उरलेलं डब्यात जातं, ताटात मुळातच कमी येतं, टाकावं काहीच लागत नाही. तिचा नियम मोडला नाही.

एक शेवटचं, घराबाहेरचं. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो आणि बाजारात चांगली ज्वारी गव्हापेक्षा महाग असते. मजूर बाईला 'मिलेट खा' सांगणं म्हणूनच थट्टा वाटते. तसंच मैदानाचं. संध्याकाळी सात वाजता दिवे नसतात, बाया फिरायला येऊ शकत नाहीत. नगरपालिकेला आपण निवेदन देणार आहोत, रविवारी सकाळी सात वाजता मैदानावर सह्या घेतो. आणि आपल्या प्रत्येक बैठकीत निदान एक किटली बिनसाखरेची ठेवायची, एवढं तर आपल्या हातात आहे.

तर दोघा भांडणाऱ्यांनो, तुमचं दोघांचंही बरोबर असू शकतं. दोघांनी एक काम करा. वर्षभरानं टेप घेऊन या, कंबर मोजू. आणि बाकीच्यांनी खाली लिहा : तुमच्या घरात काय टिकलं, काय टिकलं नाही, आणि तुमच्या आई-आजीनं बाहत्तरला काय खाल्लं होतं. ते विचारून घ्या. सांगणारी माणसं कमी होत चाललीत.